पंपिंग कमी झालेला पेशंट घरी आणताना: वाचकांचे प्रश्न, वैद्यकीय समाजसेवकांची उत्तरं

डिस्चार्ज कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ असं वाचलं की घरच्यांचं धाबं दणाणतं. हृदय बंद पडलं, असा त्याचा अर्थ नाही. हृदयाचा स्नायू अशक्त किंवा ताठर होतो, रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते आणि पाणी फुफ्फुसांत, पायांत, पोटात साठू लागतं. ‘पंपिंग कमी झालं’ असं आपल्याकडे बहुतेक वेळा यालाच म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून या आजाराबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. औषधांचा डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, त्यात आम्ही शिरलेलो नाही. पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वडिलांना उद्या सुटी मिळणार आहे. टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३० टक्के आलं. सिस्टर म्हणाल्या, जाण्याआधी समाजसेवा अधीक्षक मॅडमना भेटून घ्या. आम्ही बिल भरलेलं आहे, आम्हाला मदत नको. मग त्यांना कशासाठी भेटायचं? (एक मुलगी, यावल)

नक्की भेटा, आणि उद्या निघताना नको, आजच भेटा. बिलात सवलत मिळवून देणं हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. सरकारी रुग्णालयात या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ म्हणतात, ट्रस्टच्या दवाखान्यात ‘मेडिकल सोशल वर्कर’. बहुतेकांचं शिक्षण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेलं असतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले उपचार तुमच्या घरात, तुमच्या माणसांकडून रोजच्या रोज होतील का, हे तपासणं आणि होणार नसतील तर वाट काढणं, हे त्यांचं मुख्य काम. हार्ट फेल्युअरमध्ये याला फार महत्त्व आहे. सुटी झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पेशंट पुन्हा भरती होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि त्यातल्या बऱ्याच भरतींमागे चुकलेली गोळी, वाढलेलं मीठ किंवा राहून गेलेली तपासणी असते.

त्या तुम्हाला वरकरणी चौकस वाटतील असे प्रश्न विचारतील. गोळ्या कोण काढून देतं? त्या माणसाला वाचता येतं का? दिवसा घरी कोण असतं? संडास घरात आहे की वाड्याच्या मागे? दारू, तंबाखू? डोक्यावर कर्ज? खरं सांगा. संडासाचंच उदाहरण घ्या. लघवी वाढवून साठलेलं पाणी उतरवणारी गोळी, जिला सगळे ‘पाण्याची गोळी’ म्हणतात, ती घेतली की पुढचे चार-सहा तास वारंवार उठावं लागतं. संडास अंगणापलीकडे असेल आणि दुसरी गोळी रात्री आठला लिहिली असेल, तर म्हातारा माणूस दोन रात्री अंधारात ठेचकाळतो आणि तिसऱ्या दिवशी गोळी गुपचूप बंद करतो. हे आधी कळलं तर मॅडम डॉक्टरांशी बोलतात आणि गोळी दुपारी तीन-चारला आणता येते का ते विचारतात. बदल अर्ध्या ओळीचा असतो, पण नेमका तो न झाल्यामुळे माणूस पुन्हा भरती होतो.

निघण्यापूर्वी वडिलांना आणि तुम्हाला, दोघांनाही, प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे आपल्या शब्दांत सांगायला लावतील. परीक्षा समजू नका, न समजलेलं तिथेच सापडतं. या आजाराच्या गोळ्यांची नावं फसवी आहेत. डॅपाग्लिफ्लोझिन मुळात मधुमेहासाठी आली, आता हार्ट फेल्युअरमध्ये साखर नसलेल्यांनाही देतात. घरी कोणी तरी म्हणतं, ‘ही तर शुगरची गोळी, तुला कुठे शुगर आहे?’ आणि ती बंद होते. बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉलचं तसंच. ‘बीपी नॉर्मल आलं, आता कशाला?’ म्हणून सोडतात. ती गोळी इथे बीपीसाठी दिलेली नसते, हृदयावरचा ताण उतरवण्यासाठी असते, आणि अचानक सोडली तर घात होतो. म्हणून पाकिटावर मार्करनं गोळीचं काम लिहून घ्या : ‘हृदयाची’, ‘पाण्याची’, ‘सकाळी’, ‘दुपारी’.

वजनकाटा घ्यावाच लागेल. सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर रोज वेगळा आकडा दाखवतो, खाली शहाबादी फरशीचा सपाट तुकडा ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असतं, जेवणानं वजन इतक्या झटपट वाढत नाही. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. कोणाला, तो नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पहिली तपासणी ७ ते १४ दिवसांत व्हायला हवी. ‘महिन्यानं या’ असं लिहिलं असेल तर मॅडमच्या मार्फत एकदा विचारून बघा.

प्रश्न : आमच्या घरी अकरा माणसं, एक चूल. आबांचं जेवण बिनमिठाचं करायला सांगितलं. सासूबाई म्हणतात, वेगळं रांधणं जमायचं नाही. आणि आमची केळीची बाग आहे, आबा दिवसाला चार-पाच केळी खातात. केळ्यात मीठ नसतं ना? (एक सून, रावेर)

बिनमिठाचं कोणीच फार दिवस खात नाही, दोन आठवड्यांत सगळं मूळ पदावर येतं. पूर्ण दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, हे गाठायचं. वेगळं रांधू नका. फोडणी, मसाला, लसूण, आमसूल सगळ्यांचं एकत्र होऊ द्या, आबांची वाटी मीठ घालण्याआधी बाजूला काढा. मग आबांसाठी छोटी वेगळी डबी ठेवा. तिच्यात आठवड्याचं मीठ एकदाच मोजून भरायचं आणि त्यांच्या वाटीत घालायचं ते त्यातूनच. आठवड्याची मर्यादा ३५ ग्रॅम, पण ती सगळ्या वाटांनी पोटात जाणाऱ्या मिठाची. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल किंवा बाहेरचं काही खाणं होत असेल, तर डबीत २० ग्रॅमच भरा. डबी रविवारऐवजी गुरुवारीच संपली तर मीठ जास्त जातंय, हे भांडण न होता दिसतं.

चुलीवरच्या मिठाखेरीज दुसरीकडूनही बरंच मीठ येतं. आपल्याकडचे उडदाचे पापड, बिबडे, कुरडया, लोणचं, ठेचा, शेवभाजीतली शेव. पापडात मीठ असतंच, वर पापडखार असतो, आणि त्यातही सोडियम आहे. छाती जळजळते म्हणून घेतला जाणारा खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर, तेही सोडियमच. आबांना भरीत-भाकरी मजेत खाऊ द्या, ताटातला पापड आणि लोणच्याची फोड तेवढी उचला. आखाजीला सांजोरी, पुरणपोळी चालेल, साखर असेल तर त्याचा हिशेब वेगळा. सोबत मात्र तळलेली कुरडई नको.

आता केळी. केळ्यात मीठ नसतं, पोटॅशियम असतं, एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास. एरवी ते चांगलंच. पण हार्ट फेल्युअरमध्ये स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि त्याच्या जोडीला एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन चालू असतं. या गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. किडनी थोडी कमजोर असेल तर ते इतकं वाढतं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही त्रास जाणवेलच असं नाही. म्हणून केळी बंद करण्याआधी रक्त तपासा. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं) आणि पोटॅशियम, दोन्ही. रिपोर्ट बघून दिवसाला एक केळं चालेल की तेही नको, हे डॉक्टर सांगतील. रिपोर्ट येईपर्यंत चार-पाचवरून एकावर या.

‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून दुकानात मिळतं त्यात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. वरच्या गोळ्या चालू असताना ते घरात आणू नका.

सासूबाईंना घेऊन एकदा समाजसेविकेकडे आणि आहारतज्ज्ञाकडे जा. स्वयंपाकघर ज्यांच्या हाती आहे त्यांच्याशी बोलणं झालं नाही, तर सुनेला सांगितलेलं सगळं वाया जातं, आणि दोष मात्र सुनेवर येतो.

प्रश्न : भुसावळच्या मे महिन्यात ४५ डिग्री असताना ‘पाणी दीड लिटरच’ कसं पाळायचं? (भुसावळ)

सगळ्यांना दीड लिटरची मर्यादा नसते. तुमच्या कार्डावर ती लिहिली असेल तर उन्हाळ्यासाठी वेगळा आकडा डॉक्टरांकडून एप्रिलमध्येच लिहून घ्या. उन्हाळ्यात उलटाही धोका असतो. घाम खूप जातो, त्यावर पाण्याच्या गोळीचा हिवाळ्यातलाच डोस चालू राहतो, मग उठताना चक्कर येते, बीपी पडतं, किडनीवर ताण येतो. रोजचं वजन इथेही कामी येतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो कमी झालं आणि चक्कर येत असेल तर तेही फोन करण्याचं कारण आहे. जुलाब-उलट्या लागल्या तरी तसंच, त्या दिवसात कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा, चहा, ताक, वरणाचं पाणी त्यातच धरा. मीठ घातलेलं ताक आणि लिंबूसरबत टाळा.

प्रश्न : आईला जन आरोग्य योजनेतून भरती केलं, एक रुपया लागला नाही. पण आता महिन्याच्या गोळ्यांचा खर्च झेपत नाही. योजनेचं कार्ड मेडिकलवाला घेत नाही. (एक मुलगा, साक्री)

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तिला जोडलेली आयुष्मान भारत योजना मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांना. वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्या त्यात बसत नाहीत. हार्ट फेल्युअरचा खरा खर्च नेमका तोच, त्यामुळे घरोघरी हा प्रश्न येतो.

आधी योजनेतलंच राहून गेलेलं बघा. सुटीनंतरच्या १० दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्ये धरलेली असते. रुग्णालयातून घरी जाण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एकदाचं भाडंही. मागितलं नाही तर बहुतेक वेळा मिळत नाही. योजनेच्या काउंटरवर बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, अडलं तर १५५३८८ वर फोन करा. आईचं वय ७० च्या वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आता महिन्याच्या गोळ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, तिथे केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे पैसे लागू शकतात. धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडून गोळ्या ठरवून घ्यायच्या आणि दर महिन्याला त्या तालुक्याच्या ठिकाणी घ्यायच्या, अशी विभागणी बऱ्याच घरांना परवडते. पाण्याची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल, मेटोप्रोलॉल यांसारख्या जुन्या गोळ्या तिथे मिळण्याची शक्यता जास्त. नव्या महाग गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, तेव्हापासून अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आहेत. मात्र चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असलं तरच जनऔषधीत गोळी सापडते. समाजसेविकेला सांगा, त्या डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी लिहून आणतील.

तरीही पैसे कमी पडत असतील तर कोणती गोळी सोडायची हे घरी ठरवू नका. घरोघरी सगळ्यात महाग गोळी आधी सुटते किंवा दिवसाआड होते. डॉक्टरांना ‘महिन्याला आमच्याकडे एवढेच आहेत’ असा आकडा सांगा. सॅक्युबिट्रिलऐवजी एनालाप्रिलवर नेणं त्यांच्या हातात असतं. पण एक बंद केल्यावर दुसरी ३६ तासांनंतरच सुरू करता येते. हे मेडिकलवाल्यानं परस्पर करण्यासारखं काम नाही.

तपासणीच्या दिवशीची आणखी एक खोड. एसटीत मध्येच उतरता येत नाही म्हणून आई त्या दिवशी पाण्याची गोळी घेत नाही, डॉक्टरांपुढे पाय सुजलेले दिसतात आणि डोस वाढतो. गोळी बंद ठेवायची नाही, धुळ्याला पोचल्यावर घ्यायची, आणि डॉक्टरांना तसं सांगायचं. भाड्याचं म्हणाल तर महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वर वय असेल तर प्रवास फुकट, आधार कार्ड जवळ हवं.

मोठी शस्त्रक्रिया किंवा पेसमेकरसारखा खर्च योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी (१८०० १२३ २२११) आणि धर्मादाय रुग्णालयं. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड भरतीच्या वेळीच त्यांच्या समाजसेवकाकडे द्या. बिल हातात पडल्यावर कागद काढले की सगळं अवघड होऊन बसतं. निधीचा पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यावर जातो, त्यामुळे आधी स्वतः भरलेलं बिल त्यातून परत मिळेल या भरवशावर उसनवारी करू नका.

प्रश्न : आमच्या पाड्यावरचा एक पस्तिशीचा माणूस भरती होऊन आला. दिवाळीनंतर जोडपं ऊस तोडायला गुजरातला जातं. ‘जड काम करू नका’ एवढं सांगून पाठवलं. मी काय करू? (एक आशा कार्यकर्ती, धडगाव तालुका)

ज्यानं उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेतली आहे त्याला ‘जाऊ नका’ म्हणून भागत नाही. तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक माणूस गळाला की दोघांची मजुरी जाते आणि उचल अंगावर राहते. म्हणून बोलणं पेशंटशी, बायकोशी आणि मुकादमाशी एकत्र व्हायला हवं. रुग्णालयातल्या समाजसेवकाला फोन करून डॉक्टरांचं पत्र मागवा. मोळी उचलणं आणि गाडी भरणं बंद, बसून करायची हलकी कामं चालतील, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तोंडी सांगितलेलं मुकादम ऐकत नाही, कागद निदान वाचून घेतो. कोयत्यात त्याच्याऐवजी भाऊ किंवा भाचा जाईल का, उचल पुढच्या हंगामात वळती होईल का, हे दिवाळीच्या आधी ठरलं तर ठरतं.

जायचंच ठरलं तर निघण्याच्या आठवड्यात क्रिएटिनिन-पोटॅशियमची तपासणी आणि शक्य तितक्या महिन्यांच्या गोळ्या. डिस्चार्ज कार्ड, इकोचा रिपोर्ट आणि आताची चिठ्ठी यांचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये, शिवाय झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. खोपीत पाऊस-दव लागून कागदाचा लगदा होतो. गुजरातच्या रुग्णालयात कार्ड चालेल का, हे निघण्याआधी १४५५५ वर विचारा. १०८ ची गाडी तिकडेही येते.

पडावावर, म्हणजे तोडणीच्या मुक्कामावर, वजनकाटा नसणार. दुसऱ्या खुणा शिकवा. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून पाच मोजायचे, खळगा राहिला तर सूज आहे. कंबरेचा करगोटा आठवड्यात घट्ट झाला तर पोटात पाणी. रात्री आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, किंवा एका उशीऐवजी गोणपाटाची उंच गुंडाळी लागायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. अंगदुखीवर गावोगाव डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि आयब्युप्रोफेन सर्रास मिळतं, दोन्ही अंगात पाणी धरतात आणि किडनी बिघडवतात. ‘दुखण्याची सुई नको, पॅरासिटामॉल द्या’ हे वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या. हे सगळं पावरी किंवा भिलीत सांगा, आणि बायकोला आधी सांगा, कारण रात्री दम लागलेला तिला पहिल्यांदा कळतो. मोहाची किंवा कुठलीही दारू हृदयाचा स्नायू आणखी कमजोर करते, हेही तिच्यासमोरच बोला.

प्रश्न : नवरा जळगाव एमआयडीसीत कामाला. तीन महिने कामावर जाऊ शकला नाही. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

हृदयाच्या आजारावर मिळणार नाही. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हृदयविकार नाही. ‘काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मात्र चांगली वाट आहे. साधा आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के. दीर्घ आजारांच्या यादीत हार्ट फेल्युअर येतं, त्यासाठीचा वाढीव लाभ ८० टक्के आणि डॉक्टरांच्या शिफारशीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत. अट ही की आजारापूर्वी दोन वर्षं विमाधारक नोकरी सलग हवी. खासगी दवाखान्याचं सर्टिफिकेट पुरत नाही, ईएसआयच्या दवाखान्यातून दाखला घ्यावा लागतो, आणि मध्ये खंड पडला तर ते दिवस बुडतात. राजीनामा लिहून देण्याआधी हे करा.

प्रश्न : बहिणीला बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी दम लागायला लागला. आधी अशक्तपणा म्हणाले, मग पंपिंग २५ टक्के निघालं. आता थोडं बरं आहे. मुलगी झाली म्हणून सासरचे पुढच्या बाळासाठी मागे लागलेत. (अमळनेर)

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत कधीही हा आजार डोकं वर काढू शकतो. बाळंतिणीला दम लागला की अशक्तपणा म्हणून सोडून देतात, त्यात दिवस जातात. बऱ्याच जणींचं पंपिंग सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, काहींचं सुधारत नाही. पंपिंग पूर्ण वर आलेलं नसताना पुन्हा दिवस राहिले तर आईच्या जिवाला मोठा धोका असतो. वर आलं असलं तरी धोका संपत नाही. शिवाय आता चालू असलेल्या गोळ्यांपैकी काही पोटातल्या बाळाला घातक आहेत. म्हणून ठरवण्याआधी इको आणि हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांचं मत.

हे सासरी सांगायचं कोणी? बहिणीवर टाकू नका. समाजसेविकेची वेळ घ्या. पहिलं बोलणं बहिणीशी एकटीशी, दार लावून, कारण सासूसमोर ती ‘काही त्रास नाही’ असंच म्हणेल. मग नवऱ्याला डॉक्टरांसमोर बसवून. सासूबाईंना शेवटी बोलवायचं, तेही ‘तिच्या जिवाला धोका आहे’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवण्यासाठी. मुलगा-मुलगी हा विषय निघाला तर समाजसेविकेनं तो टाळू नये, मुलगी होणं आईवर अवलंबून नसतं हे तिथेच सांगावं. पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या आजारात टाळतात, तांबीबद्दल विचारा, किंवा नवऱ्याची नसबंदी. ती शस्त्रक्रिया सगळ्यात सोपी आहे आणि आपल्याकडे सगळ्यात कमी होते, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. घरी मारहाण किंवा औषध बंद पाडण्याचा प्रकार असेल तर १८१ वर फोन करा.

तान्हं बाळ, हांडे आणि धुणं हे तिघं एकाच वेळी तिच्या वाट्याला नकोत. निदान तीन महिने पाणी दुसऱ्यानं भरायचं, हेही त्याच बैठकीत, कोण भरणार त्या माणसाच्या नावासकट ठरवून घ्या.

प्रश्न : अण्णा बोलतच नाहीत. गोळ्या फेकून देतात. आई रात्र-रात्र जागी असते. (चाळीसगाव)

या आजारात मन खचणं खूप दिसतं, आणि खचलेला माणूस गोळ्या घेत नाही. दोन आठवड्यांपासून उदास वाटतं का, आणि कशातच रस वाटत नाही का, हे दोन प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर ‘बहुतेक दिवस’ असेल तर पुढच्या तपासणीत सांगा. त्यावर उपचार आहेत, पण औषध हृदयरोगतज्ज्ञाला दाखवून. टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, आईलाही. जीव नकोसा झाल्याचं बोलत असतील तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दाखवा.

आईला आठवड्यातल्या दोन रात्री झोप मिळेल अशी पाळी लावा. ‘आम्ही आहोत ना’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मंगळवार की शुक्रवार, एवढं विचारा.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले, आता फार काही करता येणार नाही. भाऊ म्हणतो सुरतला नेऊ, मी म्हणतो मुंबईला. नानांना काहीच सांगितलेलं नाही. (शिरपूर)

नेण्याआधी समाजसेवकाला सांगून डॉक्टरांसोबत घरच्यांची बैठक घ्या, दोन्ही भाऊ आणि आई हजर. विचारायचं असं : दुसऱ्या ठिकाणी असं काय करता येईल जे इथे होत नाही? झडप बदलणं, बायपास, विशेष पेसमेकर, हृदयप्रत्यारोपण, यापैकी नानांना काही लागू आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर फाईल आणि इकोची प्रत आधी पाठवा, पेशंट मागून. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या पेशंटला आणि एका सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीत ७५ टक्के सवलत आहे, रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. नुसत्या तपासणीला ती मिळत नाही.

उत्तर ‘नाही’ असेल तर एवढा लांबचा प्रवास नानांना सोसायचा कशासाठी, याचा विचार करा. दम कमी करणं, झोप लागू देणं, सूज उतरवणं हे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात, आणि त्यांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. व्हेंटिलेटर लावायचा का, हे नाना शुद्धीत असताना त्यांना विचारलं पाहिजे. आमचं मत स्पष्ट आहे, माणसापासून त्याचा आजार लपवू नये. सगळं एकदम सांगायची गरज नाही. ‘नाना, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का?’ असं विचारा. त्यांना जेवढं हवं तेवढंच सांगा. शेताचा सातबारा, बँकेचं वारस, कोणाचं देणं, हे त्यांच्याही मनात असतंच. बहुतेक माणसं ते बोलायला संधी शोधत असतात.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात समाजसेवक नाही. (शहादा तालुका)

बऱ्याच ठिकाणी नाही, आणि ही जागा भरावी म्हणून रुग्ण कल्याण समितीकडे लेखी मागणी जरूर करा. तोवर ज्या मोठ्या रुग्णालयात पेशंट भरती होता तिथल्या समाजसेवकाचा विभागाचा फोन नंबर घेऊन ठेवा, सुटी झाल्यावरही ते काम करतात. योजनेसाठी आरोग्यमित्र. रोजची सूज, बीपी, गोळ्या बघायला उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई, त्यांना वजनाचं कॅलेंडर दर पंधरा दिवसांनी दाखवा. फोनवर सल्ल्यासाठी १०४. बसल्या जागी दम लागत असेल, ओठ निळे पडले, गुलाबी फेस आला, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर वाट न बघता १०८. पेशंट शुद्धीत असेल तर गाडी येईपर्यंत त्याला आडवं करू नका, पाय खाली सोडून टेकून बसवा, आणि गोळ्यांची पिशवी गाडीत सोबत द्या.